सेंट हेलेनाला यावं का?

ताई म्हणून लिहिलंस, तर ताईसारखंच उत्तर देते. तुझा मजकूर थोडक्यात असा: इथल्या हॉस्पिटलात नर्सची जागा निघाली आहे, करार दोन वर्षांचा, नवरा आयटीत, मुलगी चौथीत. पैसे उरतात का, नवऱ्याला काम मिळेल का, मुलीचं काय, आणि पुढेमागे इथेच कायमचं राहता येईल का, हे तुला हवंय.

शेवटच्याचं उत्तर आधी देते. कायमचं राहण्याचा विचार मनातून काढून टाक. दोन वर्षांसाठी ये, जमलं तर आणखी दोन. इथल्या तरुणांनाच इथे भागत नाही म्हणून ते बाहेर जातात, तिथे आपण वसायला यायचं म्हणजे उलटी गंगा.

नकाशात बेट शोधायलाच वेळ लागेल. दक्षिण अटलांटिकमध्ये, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून साधारण १,९०० किलोमीटर. क्षेत्रफळ १२२ चौरस किलोमीटर, लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या आत. विमानतळावर ब्रिटिश सरकारने २८.५ कोटी पौंड घातले. २०१६ मध्ये तो सुरू व्हायचा होता, पण धावपट्टी कड्यावर असल्यामुळे तिथे वारा अचानक दिशा आणि वेग बदलतो हे ऐनवेळी लक्षात आलं. पहिलं नियमित विमान १४ ऑक्टोबर २०१७ ला उतरलं. त्याआधी केप टाउनहून बोटीनेच यायचं, पाचसहा दिवस समुद्रात.

आता जोहान्सबर्गहून आठवड्याला एक विमान येतं, मोसमात केप टाउनहूनही एखादं. धुकं किंवा वारा असला की तेही मागे फिरतं आणि मग पुढचे बेत कोसळतात. जोहान्सबर्गला बहुधा रात्र काढावी लागते, तेव्हा बेटाच्या परवान्याबरोबर दक्षिण आफ्रिकेच्या व्हिसाचंही आधी बघ.

ह्या एका विमानाचा अर्थ नीट समजून घे. मिरजेत आईला अॅडमिट केल्याचा फोन रविवारी आला, तर निघायला पुढचा शनिवार उजाडतो, आणि घरी पोचायला त्यापुढे दोन दिवस. दुबईतून किंवा लंडनहून माणूस दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो, इथून नाही. वडील, सासूबाई, जे कोणी थकलेले असतील त्यांचं कोण बघणार, रात्री-अपरात्री सही कोण करणार, हे भावंडांशी बसून स्पष्ट ठरवून ये. पगाराआधी हा प्रश्न सोडव. उलट दिशेनेही तेच: इथलं हॉस्पिटल लहान आहे, मोठ्या शस्त्रक्रिया आणि गुंतागुंतीचे पेशंट दक्षिण आफ्रिकेला पाठवतात. तुला स्वतःला किंवा मुलीला जुनं दुखणं असेल तर अर्जातच लिही. आणि नर्स म्हणून हेही ऐक: तिकडे एका वॉर्डात आयुष्य काढलं असशील, इथे एकाच दिवशी बाळंतपण, मधुमेह आणि फुटलेलं डोकं असं सगळं पुढ्यात येतं. मला ते आवडतं. सगळ्यांना आवडेलच असं नाही.

आता पैसे. चलन सेंट हेलेना पौंड, ब्रिटिश पौंडाच्या बरोबरीचा. पण इथल्या नोटा ब्रिटनमधल्या दुकानातसुद्धा घेत नाहीत, त्यामुळे निघताना बदलून घ्याव्या लागतात. बेटावर बँक एकच. पगार ब्रिटनमधल्या खात्यात जमा होईल का हे करारावर सही करायच्या आधी विचार, घरी पैसे पाठवणं त्यावर अवलंबून आहे. रोख रकमेची सवय ठेव.

उरतात का? उरतात, पण पौंडाला रुपयांनी गुणून जो आकडा येतो तेवढे नाहीत. मासे, थोडा भाजीपाला, कॉफी आणि मध सोडलं तर जवळपास सगळं बोटीने येतं. केप टाउनहून मालवाहू बोट साधारण महिन्या-दीड महिन्याने लागते आणि भाडं प्रत्येक वस्तूच्या किमतीत असतं. बोट लांबली की आधी बटाटे संपतात, मग कांदे, मग अंडी. कांदा नसलेला स्वयंपाक करायला तू इथे शिकशील. चातुर्मासाची सवय असेल तर उत्तम. वीजही महाग, कारण पवनचक्क्या आणि सौर पॅनल असले तरी डिझेलवरचं अवलंबित्व सुटलेलं नाही. घर आणि येण्या-जाण्याची तिकिटं करारात आहेत की नाहीत, ह्यावर तुझी शिल्लक ठरेल.

मासा मात्र मनसोक्त. ट्यूना इथे गळाने धरतात आणि ताजा मिळतो. इथली माणसं भात, मटण किंवा चिकन आणि करी मसाला एकाच पातेल्यात शिजवतात, त्याला ‘प्लो’ म्हणतात. पहिल्यांदा वाढलं तेव्हा घरचं काही खाल्ल्यासारखं वाटलं.

सरकारचं विचारलं नाहीस, पण त्यावाचून बाकीचं कळणार नाही. हा ब्रिटनच्या ताब्यातला प्रदेश. वर गव्हर्नर, तो लंडनहून नेमलेला. परराष्ट्र संबंध, संरक्षण आणि पोलीस त्याच्याकडे. खाली १२ निवडून आलेल्या सदस्यांची परिषद, पक्ष नाहीत, सगळे आपापल्या नावावर उभे राहतात. २०२१ पासून मुख्यमंत्री आणि मंत्री अशी पद्धत आली, त्याआधी समित्यांमधून कारभार चालायचा. आरोग्यमंत्री तुला दुकानाच्या रांगेत भेटेल आणि लोक तिथेच त्याला तक्रार सांगतील. पण पैशाची दोरी लंडनच्या हातात. बेटाच्या सरकारी खर्चाचा मोठा वाटा ब्रिटिश मदतीतून येतो आणि सगळ्यात जास्त नोकऱ्या देणारं सरकारच. मदतीचा आकडा दरवर्षी घासाघीस करून ठरतो, म्हणून तुझी जागा आज आहे ती तीन वर्षांनी असेलच ह्याची हमी इथे कोणीच देत नाही.

असं का झालं? ह्या बेटाला स्वतःचा असा धंदा फार काळ टिकला नाही. १६५९ पासून ईस्ट इंडिया कंपनीचा मुक्काम, आपली मुंबई तिच्या हातात आली त्याच्याही नऊ वर्षं आधी. हिंदुस्थानातून परतणारी गलबतं पाणी भरायला इथे थांबायची. असईची लढाई जिंकलेला वेलस्ली १८०५ मध्ये घरी जाताना इथे उतरला होता, आणि दहा वर्षांनी, त्यानेच वॉटर्लूला हरवलेल्या नेपोलियनला ब्रिटिशांनी इथे आणून ठेवलं, तो नेपोलियन १८२१ मध्ये इथेच मेला. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि जहाजं वळली. मग डोंगरांवर अंबाडीसारखं एक न्यूझीलंडचं रोप लावून त्याच्या तंतूंची सुतळी काढायला लागले. १९६० च्या दशकात ब्रिटिश पोस्टाने कृत्रिम धागा धरला आणि गिरण्या बंद. ते रोप अजून टेकड्यांवर माजलंय.

तेव्हापासून इथला खरा निर्यात माल म्हणजे माणसं. बेटावरचे लोक स्वतःला ‘सेंट’ म्हणवतात. १९८१ च्या कायद्याने त्यांचं पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व गेलं होतं, ते २००२ मध्ये परत मिळालं आणि तरुण पोरं ब्रिटनला जायला मोकळी झाली. फॉकलंड आणि असेन्शन बेटांवर आधीपासून जातच होती. मागे आजी-आजोबा उरले. नर्स बाहेरून आणावी लागते ती म्हणूनच.

आणि हे बोचरं आहे, ते आधीच ऐकून ठेव. बाहेरून करारावर आलेल्यांना इथे ‘टीसी’ म्हणतात. तुझ्या शेजारी तेच काम करणाऱ्या स्थानिक बाईचा पगार तुझ्यापेक्षा बराच कमी असेल आणि तिला तुझा आकडा माहीत असेल. ती तुझ्याशी गोडच वागेल. तू पगाराचा, बंगल्याचा, सुट्टीचा विषय काढू नकोस, बस. गाडी चालवताना समोरून येणाऱ्या प्रत्येकाला हात करायचा असतो, ओळख असो नसो. विसरलीस तर त्याची चर्चा होते.

नवऱ्याचं थोडक्यात सांगते. इथली नोकरी गृहीत धरू नका. त्याची सध्याची कंपनी इथून काम करू देत असेल तर मात्र काळ बदललाय. समुद्राखालची इक्वियानो केबल २०२१ मध्ये किनाऱ्याला लागली आणि २०२३ पासून चालू आहे, त्याआधी अख्खं बेट एका उपग्रह जोडणीवर होतं. तुझ्या परवान्यावर आलेल्या जोडीदाराला परदेशी कंपनीचं काम करता येतं का, हे इमिग्रेशनला लेखी विचारा. काम नसलेला नवरा इथे तीन महिने मजेत असतो, सगळे डोंगर चढून होतात, मग त्याला चार भिंती दिसायला लागतात. करार अर्धवट टाकून गेलेली जी जोडपी मी पाहिली, त्यांत बहुतेक वेळा कारण हेच.

मुलीची काळजी करू नकोस, ह्या वयाला जागा छान आहे. प्राथमिक शाळेत वर्ग लहान, दुपारनंतर समुद्र. पण माध्यमिक शाळा एकच, विषयांची निवड मर्यादित, म्हणून ती सातवी-आठवीत जाईल तेव्हा परतायचं असं धरूनच ये. गूगलवर तुला इथल्या मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जुन्या बातम्या सापडतील. २०१५ मध्ये त्यावर ब्रिटनने नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला: प्रकरणं दडपल्याचे भडक आरोप टिकले नाहीत, पण पोलीस आणि समाजसेवा खात्याच्या कामावर मात्र कडक टीका होती. तो अहवालच वाच, वर्तमानपत्रांचे मथळे नकोत.

घर कुठे मिळेल त्यावर कपडे ठरव. जेम्सटाउन दोन कड्यांच्या मधल्या घळीत आहे, तिथे उकडतं. लाँगवूड वर आहे, तिथे पावसाळ्यातल्या महाबळेश्वरासारखी ओल, चपलांना बुरशी. ताजी फळं, भाज्या, बियाणं आणि मध आणू नकोस. इथल्या मधमाश्यांना बाहेरचा रोग लागू नये म्हणून फार जपतात. डाळी-मसाल्यांचं आधी ईमेलने विचारून घे. कुकरची रिंग आणि शिट्टी दोन-दोन आण, चष्मा जादा, मुलीचे बूट पुढच्या मापाचेही.

करार हातात आला की घर, तिकिटं, कर आणि आजारपणात बाहेर नेण्याचा खर्च ही चार कलमं आधी वाच, आणि अडलं तर मला पानांचे फोटो पाठव. तुझे रात्रीचे नऊ म्हणजे माझे दुपारचे साडेतीन. सकाळची पाळी असली की त्या वेळी मी घरीच असते.