कावळा, फांदी आणि कन्फाउंडर

प्रश्न असा आलाय: एक ताई पब्लिक हेल्थच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत नोट्स करतायत, त्यात 'कोरिलेशन इज नॉट कॉझेशन' (दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी होते असं नाही) हे समजवायला 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ' ही म्हण चालेल का, आणि 'कन्फाउंडर'ला, म्हणजे दोन गोष्टींच्या मागे राहून त्यांचा आपसात संबंध असल्याचा भास करून देणाऱ्या तिसऱ्या गोष्टीला, एखादा धड मराठी शब्द आहे का.

म्हण नका वापरू. ऐकायला झकास वाटते, वर्गात हशा पण पिकेल, पण विद्यार्थी चुकीच्या गोष्टीला घाबरायला शिकतील. ती म्हण योगायोगाची आहे, संस्कृतात काकतालीय न्याय म्हणतात तेच. आणि योगायोगावरचा इलाज संख्याशास्त्रात सगळ्यात सोपा आहे, जास्त झाडं बघा, जास्त कावळे मोजा, खरंच योगायोग असेल तर तो संबंध विरून जातो. कन्फाउंडिंगचं तसं नाही हो. समजा वादळ सुटलं की कावळे आडोशाला एका झाडावर गोळा होतात आणि त्याच वादळाने फांद्या मोडतात, तर तुम्ही दहा झाडं मोजा नाहीतर दहा लाख, कावळे जास्त तिथे मोडक्या फांद्या जास्त हे दिसतच राहणार, उलट डेटा वाढेल तसं ते आणखी ठाम दिसायला लागेल, पी व्हॅल्यू (नुसत्या योगायोगाने असं दिसण्याची शक्यता किती, ते सांगणारा आकडा) बघून तर माणूस हुरळूनच जाईल. आजकाल 'आमच्याकडे लाखो पेशंटचा डेटा आहे' असं छाती काढून सांगतात ना, त्याने फक्त योगायोग मरतो, वादळ तसंच राहतं.

खरं उदाहरण घ्या, बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजराला केशरी रंग देणारं द्रव्य. जे लोक भाज्या-फळं भरपूर खातात आणि ज्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीन जास्त असतं त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं अनेक पाहण्यांमध्ये सारखं दिसत होतं, एकदोन नाही, म्हणजे योगायोग म्हणून झटकण्यासारखं नव्हतंच. मग फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष स्मोकर घेऊन ट्रायल झाली, गोळी कोणाला आणि नुसतीच दिखाऊ गोळी कोणाला हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, आणि १९९४ साली निकाल आला तो उलटाच, बीटा कॅरोटीनवाल्या गटात फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. गोळीने असं का व्हावं यावर पुढे बराच खल झाला, तो इथे नको. पण आधीच्या पाहण्या का फसल्या असाव्यात हे बघा, भाजी खाणारा माणूस एकूणच वेगळा असतो, सिगारेट कमी ओढतो, दारू कमी, हातात पैसा जरा बरा, शिवाय भाजीत बीटा कॅरोटीन एकटं थोडंच येतं. कॅन्सर कमी होण्याचं श्रेय मात्र त्या एकट्याच्या नावावर चढलं.

आता शब्द. 'गोंधळकारक घटक' वगैरे वाचलंय मी, पण त्यात गोंधळ झालाय एवढंच कळतं, कसा ते कळत नाही. मी 'सामाईक कारण' म्हणतो. सामाईक विहीर, सामाईक बांध, सातबाऱ्यावर सामाईक क्षेत्र, हा शब्द गावाकडच्या पोरालाही समजावून सांगावा लागत नाही. सिगारेट हे कमी भाजी आणि जास्त कॅन्सर या दोघांच्या मागचं सामाईक कारण (सिगारेटने भाजी कशी कमी होईल अशी शंका कोणी काढेलच, तर दोन्हीमागे राहणीमान धरा). काटेकोर व्याख्या थोडी जास्त पसरट आहे, कधीकधी त्या सामाईक कारणाची नुसती खूण सांगणारी गोष्टही कन्फाउंडरमध्येच धरतात, पण पहिल्या वर्षाच्या पोरांना एवढं पुरे.

आणि हो, कोणीतरी 'उपाधी' सुचवेलच, म्हणून आधीच सांगून टाकतो. न्यायदर्शनात, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या भारतीय परंपरेत, हे भारी आहे: धूर दिसला म्हणून आग आहे हे अनुमान बरोबर, पण आग आहे म्हणून धूर असणारच हे चूक, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते आणि धूर नसतो, धुराला ओलं लाकूड लागतं, आणि त्या ओल्या लाकडाला तिथे उपाधी म्हणतात. शेकडो वर्षांपूर्वी लोक 'हे दोन कायम सोबत दिसतात पण अट तिसरीच आहे' यावर हमरीतुमरीवर येत होते हे वाचून मला तर फार मजा येते. पण ओलं लाकूड म्हणजे हुबेहूब कन्फाउंडर नव्हे, ती जोडीला लागणारी अट झाली. आणि आजच्या मराठीत उपाधी म्हणजे पदवी, त्यामुळे 'उपाधीसाठी समायोजन केले' (म्हणजे हिशेबातून तिचा परिणाम वजा केला) असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटणार एमडीवाले आणि एमबीबीएसवाले वेगळे काढले.

ताईंनी नोट्समध्ये मशीन लर्निंगचाही (कॉम्प्युटरने डेटातून आपणच नियम शिकण्याचा) भाग आहे असं लिहिलंय, म्हणून दम्याचं उदाहरण टाकाच. रिच करुआना आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम आहे, १९९० च्या दशकातलं, अमेरिकेतलं, २०१५ च्या पेपरात त्यांनी पुन्हा सविस्तर मांडलंय. न्यूमोनिया झालेल्या पेशंटपैकी दगावण्याचा धोका कोणाला जास्त हे मॉडेलने सांगायचं, म्हणजे कमी धोकेवाल्यांना घरी पाठवता येईल. मॉडेल डेटातून शिकलं की दमा असेल तर धोका कमी! आता कुठलाही डॉक्टर कपाळाला हात लावेल, पण डेटा खोटा नव्हता, दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की त्याला थेट आयसीयूत हलवायचे, तिथे उपचार इतके नेटाने व्हायचे की तो बाकीच्यांपेक्षा जास्त वाचायचा. इथे सामाईक कारणही नाही बरं का, आयसीयू ही 'मधली कडी' आहे, दम्यामुळे आयसीयू आणि आयसीयूमुळे जीव वाचला. 'कोण वाचेल' या प्रश्नाला मॉडेलचं उत्तर बरोबरच होतं, पण त्यावरून 'कोणाला घरी पाठवू' ठरवलं असतं तर दमेकरी घरी गेला असता आणि ती कडीच तुटली असती. हा नियम सापडला तो एका वाचता येणाऱ्या, नियम लिहून दाखवणाऱ्या मॉडेलमध्ये. त्याच डेटावर शिकवलेल्या न्यूरल नेटचे (आतलं गणित माणसाला वाचता न येणाऱ्या मॉडेलचे) अंदाज जास्त अचूक होते, तरी त्याच्या पोटात असं आणखी काय काय दडलंय ते बघता येईना म्हणून त्यांनी ते पेशंटवर वापरायचं टाळलं आणि साधं, वाचता येणारं जुनं समीकरण, म्हणजे लॉजिस्टिक रिग्रेशन, बरं म्हटलं.

यावरूनच मला वाटतं की 'मुळे' हा प्रत्यय जपून वापरायला शिकवा, परिभाषेपेक्षा त्याने जास्त काम होईल. 'दमा असलेल्यांमध्ये मृत्यू कमी' हे झालं निरीक्षण. 'दम्यामुळे मृत्यू कमी' हा दावा झाला, आणि बातम्यांच्या मथळ्यात पहिल्याचं दुसरं व्हायला एक सेकंद लागत नाही. कार्यकारणाचं वाक्य आपण 'असतं तर' मध्ये बोलतो, 'हाच पेशंट वॉर्डात ठेवला असता तर वाचला असता का'. नेमनपासून रूबिनपर्यंतच्या संख्याशास्त्रज्ञांनी उभा केलेला जो पोटेन्शियल आउटकमचा (उपचार दिला असता आणि दिला नसता तर काय झालं असतं याचा) सगळा डोलारा आहे तो या 'असता तर'लाच चिन्हं देतो, आणि कार्यकारणाच्या गणितावर काम करणारे जूडिया पर्ल 'दिसलं तर' आणि 'केलं तर' वेगळे लिहा म्हणतात तेही मराठीत सहज सांगता येतं.

मग मशीन लर्निंगचा उपयोग नाही का? आहे की. १९८३ साली रोझेनबॉम आणि रूबिन यांनी प्रोपेन्सिटी स्कोअर मांडला, म्हणजे या माणसाला हा उपचार मिळण्याची शक्यता किती. तो आकडा काढायला आता रँडम फॉरेस्ट, बूस्टिंग वगैरे मशीन लर्निंगच्या पद्धती वापरतात, टार्गेटेड लर्निंग आणि डबल मशीन लर्निंग या परिणाम मोजायच्या नव्या पद्धतींमध्येही आतली किचकट समीकरणं मशीनच बसवतं आणि ते आपल्यापेक्षा चांगलं बसवतं. पण कुठला कॉलम सामाईक कारण आणि कुठला मधली कडी हे नुसत्या डेटावरून ते बहुतेक वेळा ठरवू शकत नाही, ते ज्याला वॉर्डात काय चालतं ते माहीत आहे त्याने सांगायचं. दम्याच्या डेटात आयसीयूचा कॉलम आला काय आणि गेला काय, उत्तर बदलतं, आणि कुठलं उत्तर हवंय ते प्रश्नावर ठरतं.

तर ताई, 'सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे' हे वाक्य पाठ्यपुस्तकी असलं तरी तसंच ठेवा, खाली सामाईक कारणाला गाजर आणि मधल्या कडीला दमा अशी दोन उदाहरणं द्या, कन्फाउंडर हा शब्दही देवनागरीत राहू द्या कारण परीक्षेत आणि पेपरात तोच येणार. कावळा वापरायचाच असेल तर पी व्हॅल्यूच्या धड्यात घाला, तिथे त्याची जागा आहे.