वाचकांचे प्रश्न : ॲडजस्ट न होणारे पुढचे शॉकअप

प्रश्न (कोरेगाव) : गाडी 125 सीसीची, पुढं डिस्क ब्रेक. एकीकडचा शॉकअप गळतो. सहा महिन्यांत दोनदा सील बदललं, तरी तेल पार ब्रेकच्या कॅलिपरपर्यंत उतरतं. सीलच डुप्लिकेट येतात का?

उत्तर : आधी ब्रेकचं बघा. तेल प्यायलेले पॅड घासून भरवशाचे होत नाहीत, ते बदलाच.

डुप्लिकेट सील बाजारात आहेतच, पण लागोपाठ दोन गेली की संशय सीलमधून वरखाली सरकणाऱ्या चकचकीत पाइपवर घ्यावा. पाइप कोरडा पुसून त्यावर कापसाचा बोळा फिरवा. जिथं तंतू अडकतात तिथं क्रोम फुटलंय. ही जागा सील सरकतं त्या पट्ट्यात असेल तर नवं सीलही टिकणार नाही. वर, पाइप धरणाऱ्या क्लँपजवळ असेल तर सोडून द्या. नुसता काठ उभा राहिला असेल तर 1500 नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून पाइपभोवती आडवा फिरवा. उभा घासलात तर त्याच ओरखड्यांतून तेल वर येतं. खड्डा नखाला लागत असेल तर नवा पाइप घ्या. बंपर चकाकवणारं क्रोमिंग इथं चालत नाही. हार्ड क्रोम करून ग्राइंडिंगनं माप आणावं लागतं.

पाइप चांगला निघाला तर चूक बसवण्यात आहे. घरी करायचं असेल तर क्रम पाळा. गाडी डबल स्टँडवर, इंजिनखाली लाकडी ठोकळा. वरच्या क्लँपचा बोल्ट सैल करून पाइपचं टोपण अर्धा फेरा सैल करा, आणि शॉकअपच्या तळाचा ॲलन बोल्टही आत्ताच थोडा सैल करून ठेवा. स्प्रिंगचा दाब असतो तोवर आतला रॉड धरून राहतो. स्प्रिंग काढल्यावर तो बोल्टाबरोबर नुसता फिरत बसतो. मग चाक काढा. कॅलिपर दोरीनं टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबू देऊ नका, पॅडमध्ये पुठ्ठा घाला आणि ब्रेक लिव्हर दाबू नका. टोपण काढताना वरून दाब ठेवा, स्प्रिंग उसळते.

जुनं सील उचकटताना शॉकअपच्या खालच्या केसच्या काठावर जाड फडकं ठेवा. ॲल्युमिनियमला एक ओरखडा गेला तर नवं सील बाहेरून गळेल. नव्या सीलची बारीक स्प्रिंग असलेली बाजू खाली, तेलाकडं, आकडे वर. पाइपच्या टोकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून त्यावर तेल लावा आणि मगच सील सरकवा, नाहीतर सीलची आतली कड तिथंच कापली जाते. वर जुनं सील ठेवून मापाच्या पीव्हीसी पाइपनं ठोका. सर्क्लिपची (सील अडवणाऱ्या तारेच्या कडीची) खाच पूर्ण दिसली की थांबा. स्क्रूड्रायव्हरनं एकेका बाजूला ठोकणं हे दुसऱ्यांदा गळण्याचं नेहमीचं कारण. ॲलन बोल्टाला नवं कॉपर वॉशर घाला.

शेवटी धुण्याबद्दल. कासच्या रस्त्याचा तांबडा चिखल वाळला की डस्ट सीलखाली (धूळ अडवणाऱ्या वरच्या सीलखाली) तो पॉलिश पेपरसारखा घासतो. प्रेशरच्या पाण्यानं तो आणखी आत जातो. डस्ट सील हातानं वर उचलून फडक्यानं पुसा.

प्रश्न (वाई) : पसरणी घाट उतरताना, मागं बायको बसलेली असताना, ब्रेक मारला की पुढचं तोंड खाली बसतं. स्पीडब्रेकरवर तर खट्कन आदळतं. 20डब्ल्यू-50 इंजिन ऑइल घाला असं सुचवलं गेलं. घालू का?

उत्तर : नको. साध्या शॉकअपमध्ये तेल ठरावीक भोकांतून जातं, आणि वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो. जाड तेलानं तोंड सावकाश बसेल, पण बसेलच. वजन तेल पेलत नाही, स्प्रिंग पेलते. उलट खड्ड्याच्या झटक्याला तेच तेल दगडासारखं होतं. 20डब्ल्यू-50 हे 10 ग्रेडच्या फोर्क ऑइलपेक्षा चारपाच पट घट्ट असतं. ग्रेड बदलायचीच तर 10 वरून 15, त्यापुढं नाही. कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून डब्यावरचा 40 अंशाचा सेंटिस्टोक (घट्टपणाचा) आकडा बघून घ्या.

तुमचं दुखणं बहुधा बैठकीत, म्हणजे वजनानं पुढचं किती खाली बसतं त्यात आहे, तेव्हा आधी मोजा. पुढचं चाक अधांतरी असताना डस्ट सील ते खालचा क्लँप हे अंतर घ्या. मग दोघं नेहमीसारखे बसा आणि तिसऱ्या माणसाला तेच अंतर घ्यायला सांगा. फरक म्हणजे बैठक. शॉकअपची एकूण चाल (वरखाली सरकण्याचं अंतर) 130 मिमी असेल तर 35 ते 40 मिमी ठीक. 55 आली तर स्प्रिंगवर 15 मिमीचा तुकडा घाला. जितक्या मिमीचा तुकडा, तितकीच बैठक कमी होते. जाड पीव्हीसी पाइप काटकोनात कापा, दोन्ही टोकांना लोखंडी वॉशर द्या, दोन्ही पायांत, म्हणजे दोन्ही शॉकअपमध्ये, सारखा. 20 मिमीच्या वर जाऊ नका; वेटोळी एकमेकांना टेकली तर आदळणं उलट वाढेल. तुकड्यानं गाडी उंचावर बसते, स्प्रिंग कडक होत नाही. एवढं करूनही भागलं नाही तर कडक स्प्रिंगच हवी.

आदळणं राहिलं तर तेलाची पातळी. स्प्रिंग बाहेर काढा, पाइप पूर्ण खाली दाबा, दहापंधरा वेळा सावकाश पंप करून हवा काढा, दहा मिनिटं थांबा आणि वरच्या काठापासून तेलापर्यंत मोजा. सिरिंजला बारीक नळी लावून त्या खोलीला खूण केली की जादा तेल आपोआप ओढलं जातं. पातळी कंपनीच्या मापापेक्षा 10 मिमी वर घ्या. वरची कोंडलेली हवा दुसऱ्या स्प्रिंगसारखं काम करते, शेवटच्या टप्प्यात जास्त. 30 मिमीच्या पाइपात 10 मिमी म्हणजे जेमतेम 5 मिली, तेव्हा अंदाजानं ओतू नका. तेल फार झालं तर हवेचा दाब सील फोडतो.

तुकडा आणि पातळी एकाच दिवशी बदलू नका. कशानं काय झालं ते कळणार नाही.

प्रश्न (सांगली) : 2019 आणि 2021 च्या पुरात गाडी पाण्यात होती. इंजिन ऑइल बदललं, शॉकअपला हात लावला नाही. चालतंय म्हणजे ठीक?

उत्तर : ड्रेन बोल्ट असेल तर पांढऱ्या वाटीत चमचाभर तेल काढा. चहासारखं दुधाळ किंवा राखाडी दिसलं तर नुसतं बदलून भागणार नाही, कृष्णेचा गाळ तळाशी बसलेला असतो. पूर्ण उघडा, रॉकेलनं धुवा, वाळवा, सील नवी घाला. कोरड्या पायाला नुसत्या बदलीपेक्षा थोडं जास्त तेल लागतं, म्हणून मिली न मोजता पातळी मोजा. त्याच वेळी कोन सेटही (हँडलचे बेअरिंग) बघून घ्या.

प्रश्न (मिरज) : सगळं घरी नवं घातलं, पण पुढचं अडकत अडकत खाली जातं.

उत्तर : दोन पाय समांतर नाहीत. एक्सलचा क्लँप बोल्ट आणि मडगार्डचे बोल्ट सैल ठेवा, एक्सलचा नट आवळा, गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक धरून हँडल पाच-सहा वेळा दाबा आणि मग राहिलेले बोल्ट आवळा. तरीही अडकलं तर पाइप काढून काचेवर लोळवा. वाकलेला असेल तर पाइप आणि काचेच्या फटीतून उजेड दिसेल.