राजाचं तस्त आणि अरबी अक्षरं

प्रश्न : मध्ययुगात ख्रिस्ती राजे अरबी अक्षरांची भांडी खरंच वापरत?

उत्तर : वापरत, आणि मिरवतही! सायप्रसचा राजा ह्यू चौथा (कारकीर्द १३२४–१३५९) याचं हात धुवायचं पितळी तस्त पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. काम मामलुक कारागिरांचं, म्हणजे तेव्हा इजिप्त-सीरियावर राज्य करणाऱ्या मामलुक सुलतानांच्या मुलखातल्या कारागिरांचं. अरबी मजकुरासोबत फ्रेंचमध्ये राजाचा गौरव. माझा जीव मात्र जडलाय तो जडावकामावर. पितळेत खाच कोरायची, कडा आतून किंचित पोखरायच्या, चांदीचा पातळ पत्रा ठोकून बसवायचा. मोकळ्या जागी काळं लुकण. चांदी त्या कडांतच अडकून राहते. पुढे दमास्कस-कैरोचा असला माल व्हेनिसला जाई. काही भांड्यांवर ढालीच्या आकाराच्या चौकटी कोऱ्याच सोडलेल्या दिसतात. गिऱ्हाइकानं आपलं कुलचिन्ह नंतर कोरून घ्यावं. धंद्याची अक्कल म्हणतात ती हीच!