जुन्या विमानांत फ्लाइट कॉम्प्युटर नव्हता, मग वैमानिक वेपॉइंट कसा गाठायचे?

वेपॉइंट म्हणजे हवाई मार्गावरचा ठरवलेला बिंदू; त्याच्या खाली जमिनीवर काही असेलच असं नाही. जुन्या पद्धतीत तो बहुतेक वेळा दोन रेषांचा छेदनबिंदू असतो. एका रेषेवरून उडत राहायचं आणि दुसरी कधी आडवी येते ते बघायचं.

या रेषा मिळतात व्हीओआरकडून. हे 108 ते 117.95 मेगाहर्ट्झवर चालणारं जमिनीवरचं रेडिओ स्टेशन. आपण त्याच्या कोणत्या दिशेला आहोत ते रिसीव्हर अंशांत सांगतो, त्या दिशेला रेडियल म्हणतात. समजा आपला वेपॉइंट हा 'अ' नावाच्या स्टेशनच्या 070 आणि 'ब' स्टेशनच्या 340 रेडियलवर आहे. पहिल्या रिसीव्हरवर 'अ' लावा आणि त्याची मोर्स ओळख कानाने ऐका. दुरुस्ती चालू असेल तर ओळख बंद असते, पण रिसीव्हरचा काटा (निवडलेली रेषा आपल्या कोणत्या बाजूला आहे ते दाखवणारा) हलत राहू शकतो, म्हणून हे टाळू नका. ओबीएसची, म्हणजे रेषा निवडायची, खुंटी 070 वर फिरवा, 'फ्रॉम' (स्टेशनपासून दूर) दिसलं पाहिजे. चुकून 250 ठेवलं तर काटा उलटा वागतो आणि त्याच्याकडे वळाल तितके रेषेपासून लांब जाता. दुसऱ्या रिसीव्हरवर 'ब' आणि 340. हा काटा आधी कडेला चिकटलेला असतो, सरकत मध्यावर आला की वेपॉइंट आला.

वारा असतोच. काटा डावीकडे गेला तर डावीकडे वळून रेषा पकडायची, मग नाक वाऱ्याकडे थोडं ठेवून पाहायचं. 062 वर काटा स्थिर राहिला, तर तोच हेडिंग, म्हणजे नाक ठेवायची दिशा.

स्टेशनपासून 60 नॉटिकल मैलांवर 1 अंशाची चूक म्हणजे 1 मैल. म्हणून दुसरं स्टेशन जवळचं आणि छेद काटकोनाच्या जवळपास असलेला बरा.

सोबत डीएमई (रेडिओने अंतर मोजणारं यंत्र) असेल तर स्टेशनपासूनचं अंतरही कळतं आणि एकच स्टेशन पुरतं. मात्र ते तिरकं अंतर असतं: 36,000 फुटांवर बरोबर डोक्यावरून जातानाही जवळजवळ 6 मैल दिसतात.

वेपॉइंट आपल्या रेडियलवर नसेल तर पेन्सिल लागते. आपण 090 रेडियलवर 30 मैलांवर आहोत, जायचंय 060 वर 40 मैलांना. होकायंत्राच्या तबकडीचा मध्य म्हणजे स्टेशन आणि कड म्हणजे 40 मैल समजा. आपली जागा 090 कडे पाऊण त्रिज्येवर, वेपॉइंट 060 च्या कडेवर. दोन्हींना जोडून पेन्सिल धरा, ती समांतर सरकवत मध्यावर आणा. टोक साधारण 013 दाखवतं, तो कोर्स, म्हणजे जायची दिशा. दोन जागांमधलं अंतर अर्धी त्रिज्या भरतं, म्हणजे सुमारे 20 मैल. अर्ध्या वाटेत पुन्हा मांडून बघा, वाऱ्याने तोवर काहीतरी बिघडवलेलं असतं.

किनाऱ्यापासून दूर समुद्रावर व्हीओआर पोहोचत नाही. तिथे आधी सेक्स्टंट या कोन मोजायच्या यंत्राने ताऱ्यांची उंची मोजत, पुढे जायरोवरची आयएनएस आली, म्हणजे विमानाची हालचाल मोजून जागा सांगणारी यंत्रणा. तिच्यात निघण्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश उभ्या विमानात भरायचे आणि जुळणी होईपर्यंत विमान हलवायचं नाही. ती तासाला 1-2 मैल भरकटते, म्हणून किनारा आला की पहिल्या व्हीओआर-डीएमईशी ताडून पाहत.