बँडवर पोट ठेवू नका

प्रश्न : माझा मुलगा अकोल्यात बारावी सायन्सला आहे. गिटार वाजवतो, मित्रांचा बँड आहे, घरच्या कॉम्प्युटरवर गाणी रेकॉर्ड करतो. ‘इंजिनिअरिंग करणार नाही, स्टीव्ह अल्बिनीसारखं काम करणार’ म्हणतो. हा माणूस कोण? असल्या कामावर घर चालतं का? त्याच्या वडिलांनी तर बोलणंच टाकलंय. – एक आई

उत्तर : ताई, मुलाने नाव चांगलं निवडलंय. एखाद्या झगमगीत रॉकस्टारचं नाव घेतलं असतं तर मला जास्त काळजी वाटली असती.

अल्बिनी (१९६२–२०२४) म्हणजे स्वतः गिटार वाजवणारा आणि इतर बँडची गाणी रेकॉर्ड करणारा ध्वनिमुद्रक. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात वाढला. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून त्याने पत्रकारितेची पदवी घेतली. तिथे शिकतानाच ‘बिग ब्लॅक’ हा बँड काढला. ड्रमर नव्हता, म्हणून ड्रम मशीन लावलं. पुढे १९९२मध्ये ‘शेलॅक’. दोन्ही बँड कानठळ्या बसवणारे, रेडिओवर सहसा न लागणारे. (तरुणपणी तो मुद्दाम लोकांना झोंबेल असंही बरंच बोलायचा-लिहायचा. २०२१मध्ये त्याने ते जाहीरपणे चुकीचं ठरवलं. तेवढं अनुकरण नको.)

आता मुलाला विचारा, या माणसाची चूल कशावर पेटायची? आधी फोटो रीटचिंगच्या नोकरीवर, नंतर इतरांच्या बँडचं रेकॉर्डिंग करून. स्वतःच्या बँडवर त्याने पोट ठेवलंच नाही. म्हणूनच तो बँड हवा तसा वाजवू शकला.

पैशाबाबत तो विलक्षण काटेकोर होता. १९९३मध्ये निर्वाणा या तेव्हाच्या जगप्रसिद्ध बँडचा ‘इन युटेरो’ हा अल्बम त्याने रेकॉर्ड केला. अशा कामात निर्माते विक्रीतला टक्का मागतात. याने आधीच पत्र लिहून कळवलं, की मला प्लंबरसारखे पैसे द्या. काम केलं, मजुरी घेतली, विषय संपला. एक लाख डॉलर ठरले, तेवढेच घेतले. अल्बम लाखोंनी खपला, पण संगीत बँडचं आहे आणि पुढची कमाईही त्यांचीच, हे त्याचं म्हणणं कायम राहिलं. नवख्या बँडकडून तो फार कमी पैसे घ्यायचा. १९९७मध्ये शिकागोत ‘इलेक्ट्रिकल ऑडिओ’ हा स्वतःचा स्टुडिओ उघडला आणि अखेरपर्यंत तिथेच काम केलं.

निर्वाणाच्या अल्बमच्याच वर्षी, १९९३मध्ये, ‘बॅफलर’ या नियतकालिकात त्याने एका काल्पनिक बँडचा हिशेब मांडला. मोठ्या कंपनीचा करार, अडीच लाख डॉलरची उचल. त्यातून वकील, मॅनेजर, स्टुडिओ, व्हिडिओ, दौरा वजा जाता प्रत्येक वादकाच्या हाती उरतात चार हजार डॉलरच्या आसपास. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून याच्या तिप्पट मिळाले असते, असं तो लिहितो. मुलाला हा लेख वडिलांना मराठीत समजावून सांगायला लावा. आकड्यांवर दोघं बोलू लागतील. भविष्यावर बोलायला बसले तर भांडतील.

फिजिक्स सोडू देऊ नका. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात फुटाहून किंचित जास्त. ड्रमजवळ एक माइक आणि दहा फुटांवर दुसरा ठेवला, तर दुसऱ्याकडे तोच ठोका उशिरा पोचतो. दोन्ही मिसळले की काही सूर दाटतात, काही पातळ होतात. अल्बिनीच्या ड्रमचा जो खणखणीत, खोलीभर घुमणारा आवाज तुमचा मुलगा दिवसभर ऐकतो, तो या अंतराच्या जाणिवेतून आलाय. महागडं सॉफ्टवेअर त्याला पर्याय नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर आधी पदवी, कोणतीही चालेल. त्यानंतर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम आहे. जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा अवघड. खासगी संस्था लाखांत फी घेतात. तिथे पैसे भरण्याआधी मागच्या बॅचची मुलं आज नेमकी कुठे काम करतात, ते त्या मुलांनाच फोन करून विचारा. आपल्याकडे रॉकच्या रेकॉर्डिंगवर घर चालणं कठीणच. पण डबिंग, जाहिराती, मालिका, नाटकं, लाइव्ह कार्यक्रम, सगळीकडे साउंडवाला लागतो. सुरुवात केबल गुंडाळण्यापासून होते. गाणी तो स्वतः लिहीत असेल तर आणखी एक : सिनेमासाठी किंवा ध्वनिमुद्रणासाठी लिहिलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा वाटा (थिएटरमधल्या खेळांपुरता सोडून) २०१२च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनंतर कंपनीला करारात स्वतःच्या नावावर लिहून घेता येत नाही. सही करण्याआधी हे त्याला ठाऊक हवं.

घरात नवीन यंत्रं आणू नका. परीक्षा झाली की त्याला एकच काम द्या. गल्लीतल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करायचं, त्यांना आवडेल असं, स्वतःला आवडेल असं नव्हे. आणि पाचशे रुपये का होईना, पण आधी ठरवून घ्यायचे. मंडळाने त्याला दुसऱ्यांदा बोलावलं, तर मला पुन्हा लिहा.