स्टीम इस्त्रीतून पाणी गळतं आणि कॉटनच्या सुरकुत्याही जात नाहीत, काय करावं?

पाणी गळतं ते बहुतेक वेळा इस्त्री नीट तापायच्या आत वाफ सुरू केल्यामुळे. तळ पुरेसा गरम नसला की पाण्याची वाफ होतच नाही, थेंब पडतात. डायल कॉटनवर ठेवा, दिवा विझेपर्यंत थांबा, मगच वाफ सोडा. सिंथेटिकला कमी तापमान लागतं, तिथे वाफ बंदच ठेवलेली बरी.

कॉटनचा कुर्ता कडक वाळू देऊ नका. किंचित दमट असतानाच दोरीवरून काढलात तर निम्मं काम झालंच म्हणून समजा. कॉलर आधी उलट्या बाजूने, टोकांकडून मध्याकडे. आणि टाकीत बोअरचं पाणी अजिबात नको! क्षार साचून भोकं बुजतात, मग पांढऱ्या शर्टावर डाग उमटतात. काम झालं की प्लग काढून उरलेलं पाणी ओतून टाका.