‘उत्तर मॅसेडोनियन’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे : बातमीचं भाषांतर करताना उत्तर मॅसेडोनियातल्या माणसाला ‘उत्तर मॅसेडोनियन’ लिहायचं की नुसतं ‘मॅसेडोनियन’? आणि तिथल्या भाषेला काय म्हणायचं?

भाषा ‘मॅसेडोनियन’, माणूसही ‘मॅसेडोनियन’. ‘उत्तर’ लागतं ते फक्त देशाच्या नावाला. हे माझं मत नव्हे, दोन देशांनी सही करून ठरवलेली गोष्ट आहे.

१९९१ मध्ये युगोस्लाव्हियातून बाहेर पडताना या देशाने ‘मॅसेडोनिया प्रजासत्ताक’ हे नाव घेतलं आणि शेजारचा ग्रीस बिथरला. थेसालोनिकी ज्यात येतं तो ग्रीसचा उत्तरेकडचा भागही मॅसेडोनियाच, आणि प्राचीन मॅसेडोनियाचा राजा सिकंदर याचा वारसा तर ग्रीक आपलाच मानतात. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला तो ‘भूतपूर्व युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसेडोनिया’ अशा लांबलचक तात्पुरत्या नावाने. २००८ मध्ये बुखारेस्टच्या नाटो परिषदेत ग्रीसने या देशाची नाटोत जायची वाट अडवली. अखेर १७ जून २०१८ रोजी प्रेस्पा सरोवराकाठी दोन्ही देशांत करार झाला, फेब्रुवारी २०१९ मध्ये नाव बदलून ‘उत्तर मॅसेडोनिया’ झालं आणि मार्च २०२० मध्ये देश नाटोत गेला.

हा करार भाषेची आवड असणाऱ्याने मुद्दाम वाचावा. त्यात भाषेचं नाव ‘मॅसेडोनियन’ असं दिलंय आणि ती दक्षिण स्लाव्ह गटातली आहे हेही नोंदवलंय. नागरिकत्वाच्या रकान्यात ‘मॅसेडोनियन / उत्तर मॅसेडोनिया प्रजासत्ताकाचा नागरिक’ असं लिहायचं. मधली तिरपी रेघ मला फार मोलाची वाटते : या देशात अल्बेनियन लोक मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्यावर ‘मॅसेडोनियन’ हीच एक ओळख लादली जात नाही. सरकारी संस्थांसाठी मात्र विशेषण करायचं नाही, देशाचं नाव संबंध दाखवून लावायचं. इथे मराठीचं काम सोपं आहे, आपल्याकडे चा-ची-चे आहेतच. म्हणून ‘उत्तर मॅसेडोनियाचे पंतप्रधान’, ‘उत्तर मॅसेडोनियाचं सैन्य’. पण ‘मॅसेडोनियन कविता’, ‘मॅसेडोनियन जेवण’.

‘उत्तर मॅसेडोनियन भाषा’ तर कधीच लिहू नये. बल्गेरिया या भाषेला बल्गेरियनचंच एक रूप मानतो आणि नोव्हेंबर २०२० मध्ये भाषा-इतिहासाच्या याच वादातून त्याने या देशाची युरोपीय संघाशी होणारी प्रवेशाची बोलणी रोखून धरली. ज्यांची भाषा अशी नाकारली जाते त्यांच्या भाषेचं नाव आपण तरी नीट घ्यावं.

एक अडचण उरते. मे २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताना गोर्दाना सिल्यानोव्स्का-दाव्कोवा देशाला नुसतं ‘मॅसेडोनिया’ म्हणाल्या आणि ग्रीसच्या राजदूत समारंभातून उठून गेल्या. असं काही भाषांतरित करताना अवतरणात त्यांचाच शब्द ठेवावा, आपल्या निवेदनात ‘उत्तर मॅसेडोनिया’ लिहावं. अवतरण ‘दुरुस्त’ केलं तर बातमीच नाहीशी होते.

जुन्या काळाबद्दल लिहिताना ‘आजचा’ हा शब्द कामी येतो. मदर टेरेसांचा जन्म १९१० मध्ये स्कोप्येचा, तेव्हा तिथे ऑटोमन राज्य होतं आणि त्यांचं घर अल्बेनियन. तेव्हा ‘आजच्या उत्तर मॅसेडोनियातल्या स्कोप्ये इथे जन्म’ एवढंच लिहावं. त्यांना ‘मॅसेडोनियन’ म्हणू नये, ‘उत्तर मॅसेडोनियन’ तर नाहीच.